बंद भोंगा आणि मृत्युदराचा आलेख

आर्थिक मंदी आली, कारखाने बंद पडले, लोकांच्या नोकऱ्या गेल्या, तर त्या समाजात मृत्यूंचे प्रमाण वाढते की घटते? रस्त्यावरच्या कोणत्याही माणसाला हे विचारले तर तो विचारणाऱ्याकडेच आश्चर्याने पाहील. हातचे काम गेले की माणूस खचणार, आजारी पडणार आणि मरणार. यात संशोधन करण्यासारखे काय आहे, असे त्याला वाटेल. विज्ञानाने मात्र गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नाला अनेकदा उलट उत्तर दिले आहे. ते उत्तर चुकीचे नाही. पण भारतात ते जसेच्या तसे लागू पडत नाही, आणि का पडत नाही हे समजून घेण्यात एका अभ्यासकाच्या उमेदीची बरीच वर्षे गेली.

हा अभ्यासक अहमदाबादच्या गोमतीपूर भागातील एका चाळीत वाढला. मृत्यूंच्या नोंदींवरून समाजाचे आरोग्य जोखणे हा त्याचा व्यवसाय. त्याचे वडील, बापूजी, एका कापडगिरणीच्या कार्डिंग खात्यात कामाला होते. या खात्यात कापूस विंचरून त्याचे तंतू सरळ केले जातात, आणि गिरणीतील सर्वाधिक धूळ उडणाऱ्या जागांपैकी ती एक असते. ही धूळ वर्षानुवर्षे छातीत जात राहिली की बिसिनोसिस नावाचा फुफ्फुसविकार जडतो. त्याची खूण विलक्षण आहे. साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळून येते; पुढच्या दिवसांत जरा मोकळी होते; पुन्हा सुट्टी झाली की तेच. काही वर्षांनी ती मोकळी होईनाशी होते. कर्मचारी राज्य विमा कायद्यातील व्यावसायिक आजारांच्या यादीत हा विकार होता, आणि १९६६ साली अहमदाबादेतच स्थापन झालेल्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने गिरणी कामगारांमध्ये त्याचा अभ्यासही केला आहे. बापूजींना हे नाव ठाऊक नव्हते. ते त्याला ‘रजेची छाती’ म्हणत.

मात्र त्यांच्या खिशात विमा योजनेचे कार्ड असे. त्या कार्डावर दवाखान्यात औषध मिळे, मोठे दुखणे आले तर रुग्णालयात खाट मिळे, आणि आजारपणाच्या दिवसांचे काही पैसेही हाती येत. ज्या गिरणीने छातीत धूळ भरली, तिच्याच पगारातून त्या छातीच्या औषधाचा हप्ता कापला जाई. वीस वर्षे हा हिशेब चालला.

१९८४ च्या एका सकाळी भोंगा वाजला नाही. दारावर नोटीस लागलेली होती. मुंबईच्या गिरणगावाने १९८२ च्या संपानंतर जे पाहिले, ते अहमदाबादेत संपाविना, एकेका गिरणीच्या पावलाने घडत गेले. १८६१ साली रणछोडलाल छोटालाल यांनी पहिली गिरणी सुरू केल्यापासून वाढत गेलेला हा उद्योग दीड दशकात ओसरला. त्या चाळीत बा मात्र पुढची कित्येक वर्षे पहिल्या पाळीच्या भोंग्याच्या वेळेलाच जागी होत राहिली. तेव्हा मुलगा दहा वर्षांचा होता.

बापूजी बेचाळीस वर्षांचे होते. त्यांनी आधी भाजीची लारी लावली, मग एका इमारतीवर रात्रीची राखण केली. थकीत देणी लिक्विडेटरच्या कार्यालयात अडकून पडली. बा घरी बसून उदबत्त्या वळू लागली. तिच्या बाजूला बसून थोरली मुलगीही वळू लागली आणि तिची शाळा सुटली. छातीत नवी धूळ जाणे थांबले होते, हे खरे. पण कार्डही निकामी झाले होते. खोकला वाढला की बापूजी कोपऱ्यावरच्या खासगी डॉक्टरकडे जाऊन एक इंजेक्शन घेत. लिहून दिलेल्या पाच दिवसांच्या गोळ्यांपैकी दोन दिवसांच्या विकत घेत. १९९१ च्या हिवाळ्यात ते गेले. दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडून’ असे लिहिले होते.

हृदयक्रिया प्रत्येक मृत्यूत बंद पडते. अभ्यासकाला पुढे कळले की त्याच्या वडिलांना निदान हे तरी लाभले. २०२० मध्येसुद्धा देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरने प्रमाणित केलेले होते. आणि जिथे कारण लिहिले जाते तिथेही ‘नोकरी गेली’ असे कारण कोणत्याही वर्गीकरणात नसते. मंदीचा मृत्यूशी असलेला संबंध म्हणूनच एकेका दाखल्यात सापडत नाही. तो हजारो-लाखो नोंदी एकत्र करून शोधावा लागतो.

अशा शोधाचा पहिला धक्का १९२२ सालचा. विल्यम ऑगबर्न आणि डोरोथी थॉमस या अमेरिकी संशोधकांनी व्यापारातील तेजी-मंदी आणि मृत्युदर यांची तुलना केली, तेव्हा त्यांना तेजीच्या वर्षांत मृत्यू वाढलेले दिसले. पुढे अनेक दशके यावर वाद चालला. २००० साली ख्रिस्तोफर रुम या अर्थशास्त्रज्ञाने अमेरिकेतील राज्यांची १९७२ ते १९९१ ची आकडेवारी तपासली आणि जुना निष्कर्ष पुन्हा वर आला. एखाद्या राज्यात बेरोजगारीचा दर एका अंकाने वाढला, म्हणजे समजा ५ टक्क्यांचा ६ टक्के झाला, की तिथला मृत्युदर सुमारे अर्ध्या टक्क्याने घटत होता. आत्महत्या तेवढ्या वाढत होत्या. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासाने १९३० च्या महामंदीची नोंदवही उघडली. अमेरिकेतील सरासरी आयुर्मान १९२९ मध्ये ५७.१ वर्षे होते. मंदी सर्वांत खोल गेली त्या सुमारास, १९३२ मध्ये, ते ६३.३ वर्षे झाले होते.

रुम यांचा शोधनिबंध अभ्यासकाने विद्यार्थिदशेत वाचला. त्याच्या शीर्षकातच प्रश्न होता: मंदी तुमच्या प्रकृतीला चांगली असते का? त्याने तो निबंध बंद करून ठेवला आणि दोन दिवस उघडला नाही. मग शांतपणे पुन्हा वाचला. गणितात दोष नव्हता. त्याला एक प्रश्न मात्र छळत राहिला: मंदीत मृत्यू घटतात ते कोणाचे?

याचे उत्तर हळूहळू मिळत गेले. मंदीत वाहने कमी धावतात, म्हणून अपघात कमी होतात. कारखान्यांची धुराडी थंडावतात, म्हणून हवा निवळते. एमी फिंकेलस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ ते २००९ च्या महामंदीवर केलेले संशोधन २०२४ मध्ये पुढे आले. त्यातही बेरोजगारी एका अंकाने वाढली की मृत्युदर सुमारे अर्ध्या टक्क्याने कमी झालेला दिसला, आणि या घटीचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग हवेच्या प्रदूषणातील घटीमुळे होता असा त्यांचा अंदाज आहे. वाचलेल्या जिवांमध्ये मोठा वाटा वृद्धांचा होता. ज्यांची नोकरी जाण्याचा प्रश्नच नव्हता, अशी ती माणसे. त्यांना मंदीतून फक्त स्वच्छ हवा मिळाली.

ज्याची नोकरी जाते त्याचे काय होते, हे पाहण्यासाठी राज्याची सरासरी उपयोगी नाही. त्या माणसामागेच जावे लागते. डॅनिएल सलिव्हन आणि टिल फॉन वाख्टर यांनी ते केले. त्यांनी पेनसिल्व्हेनियातील अशा पुरुष कामगारांची नोंद घेतली, जे एकाच ठिकाणी बरीच वर्षे स्थिरावलेले होते आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी कारखान्यांतील मोठ्या कपातीत बाहेर फेकले गेले. नोकरी गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षात त्यांच्या मृत्यूचे प्रमाण अपेक्षेपेक्षा ५० ते १०० टक्क्यांनी जास्त होते. वीस वर्षांनंतरही ते १० ते १५ टक्क्यांनी चढेच राहिले. चाळिशीत नोकरी गमावलेल्या माणसाच्या आयुष्यातून याचा अर्थ एक ते दीड वर्ष वजा झाले.

चाळिशी आणि १९८० चे दशक. अभ्यासकाने ते पान बराच वेळ समोर ठेवले. पेनसिल्व्हेनियाचे ते कामगार आणि गोमतीपूरचे बापूजी एकाच काळात दारावरच्या नोटिशीसमोर उभे होते. दोन्ही संशोधने एकाच वेळी खरी होती. मंदीत काही माणसांचे आयुष्य तुटते आणि काहींचे किंचित लांबते. दुसऱ्या गटाची संख्या मोठी असली तर सरासरी खाली येते, आणि पहिला गट त्या सरासरीत दिसेनासा होतो.

मग भारतात काय होते? इथे आकडेवारीचा पाया डळमळीत आहे. श्रीमंत देशांत बेरोजगारीचा दर दर महिन्याला मोजला जातो आणि जवळजवळ प्रत्येक मृत्यूचे कारण नोंदले जाते. आपल्याकडे बहुसंख्य माणसांना ‘बेरोजगार’ राहणेच परवडत नाही. गिरणी सुटली की ती लारी लावतात, आणि सर्वेक्षणात ‘स्वयंरोजगार’ या रकान्यात जातात. २०२० च्या टाळेबंदीत रस्ते अपघातांतील मृत्यू २०१९ च्या १,५१,११३ वरून १,३१,७१४ वर उतरले, तेव्हा अमेरिकेत दिसलेली यंत्रणा क्षणभर इथेही दिसली. पण टाळेबंदी ही नेहमीची मंदी नव्हती, आणि त्या वर्षी साथीने केलेले नुकसान वेगळे.

नेहमीच्या चढउतारांचा भारतातील परिणाम तपासण्याचे महत्त्वाचे काम सोनिया भालोत्रा यांनी केले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात १९७० ते १९९७ या काळात जन्मलेल्या सुमारे दीड लाख मुलांची माहिती आहे. भारतातील बालमृत्यू या काळात एकंदरीत घटतच होते. त्या घसरणीच्या रेषेभोवती राज्याच्या उत्पन्नाचे जे बरेवाईट हेलकावे होते, त्यांचा बाळांच्या जगण्यावर काय परिणाम झाला, हा भालोत्रा यांचा प्रश्न होता. त्यासाठी त्यांनी एकाच आईच्या वेगवेगळ्या वर्षी जन्मलेल्या मुलांची तुलना केली. आई तीच, घर तेच, गाव तेच; बदललेले असते ते वर्ष.

निष्कर्ष अमेरिकेच्या उलट निघाला. शहरी कुटुंबांत परिणाम ठामपणे दाखवता आला नाही. खेड्यांत मात्र उत्पन्न नेहमीच्या कलापेक्षा १० टक्क्यांनी घसरले तर तान्ह्या बाळांच्या मृत्यूंत सुमारे ३ टक्क्यांनी वाढ होत होती. कारणांचा माग काढला तेव्हा आईचे कष्ट पुढे आले. वाईट वर्षात घरचे भागेना म्हणून बायका अधिक संख्येने मजुरीला जात होत्या. बाळंतपणाआधीची आणि नंतरची तपासणी चुकत होती. त्याच वर्षी राज्य सरकारचा आरोग्यावरचा आणि विकासावरचा खर्चही आखडत होता. म्हणजे घराला आधाराची गरज सर्वाधिक असते, नेमका तेव्हाच सरकारी हातही मागे जात होता. आणि या वाढीव मृत्यूंचा भार जवळजवळ सगळा मुलींवर पडत होता. मुलांच्या बाबतीत परिणाम शून्यापासून वेगळा काढता येत नव्हता.

हे वाचताना अभ्यासकाला बनासकांठ्यातील आपल्या मूळ गावाची आठवण येणे अपरिहार्य होते. गिरणी चालू होती तोवर बापूजी दर महिन्याला गावी काकांना मनीऑर्डर करीत. काकांचा धाकटा मुलगा तान्हा असताना जुलाबांनी आजारी पडला, ते १९८३ साल होते. मनीऑर्डर नुकतीच आली होती; काका-काकी त्याला घेऊन तालुक्याच्या रुग्णालयात गेले, तीन दिवस राहिले, आणि मूल वाचले. चार वर्षांनी त्यांना मुलगी झाली. तोवर मनीऑर्डर थांबली होती आणि उत्तर गुजरातेत सलग तिसरे वर्ष पाऊस नव्हता. काकी दुष्काळी कामावर तलाव खोदायला जात असे. चार महिन्यांची मुलगी बाभळीला बांधलेल्या झोळीत असे; दुपारच्या सुट्टीत काकी तिला पाजून पुन्हा टोपली उचली. तिलाही जुलाब लागले. त्या दिवशीची मजुरी बुडवून तालुक्याला जायचे की नाही, याचा विचार दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी विचार करण्याची गरज उरली नाही.

एकाच आईची दोन मुले, एक बऱ्या वर्षातले आणि एक वाईट वर्षातले. भालोत्रा यांची पद्धत अभ्यासकाला शिकावी लागली नाही. ती त्याच्या घरातच होती. पण त्या दोन भावंडांत दोन फरक होते. एकाच्या वेळी मनीऑर्डर होती आणि तो मुलगा होता. दुसरीच्या वेळी मनीऑर्डर नव्हती आणि ती मुलगी होती. यांतल्या कोणत्या फरकाने तिचा जीव घेतला, हे एका घराच्या उदाहरणावरून कोणालाही सांगता येणार नाही. दीड लाख मुलांच्या माहितीने एवढे सांगितले की दोन्ही फरक एकमेकांच्या हातात हात घालून काम करतात. टंचाई आली की घर आपल्या मनातला क्रम उघड करते. काकांनी मुलीवर कमी माया केली, असे अभ्यासकाला कधी वाटले नाही. एका दिवसाची मजुरी तराजूच्या एका पारड्यात होती, इतकेच त्याला ठाऊक आहे. आणि मुलाच्या वेळी ती तिथे नव्हती.

प्रौढांच्या बाबतीत भारतातील पुरावा अधिक विस्कळीत आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत २०१४ मध्ये आत्महत्या केलेल्यांपैकी १२ टक्के रोजंदारीवर जगणारे होते. २०२२ मध्ये एकूण १,७०,९२४ आत्महत्यांत त्यांचा वाटा २६.४ टक्के झाला. हे आकडे समाजमाध्यमांवर फिरतात तेव्हा अभ्यासक हात आखडता घेतो. देशात रोजंदारांची संख्या किती वाढली, पोलीस व्यवसाय कसा नोंदवतात, हे पाहिल्यावाचून त्यातून कारण काढता येत नाही. पोलिसांची एकूण मोजणीही अपुरी असते. २०१० मध्ये पोलीस नोंदींत सुमारे १ लाख ३४ हजार आत्महत्या होत्या. त्याच वर्षासाठी घरोघरच्या मृत्यूंची चौकशी करणाऱ्या ‘मिलियन डेथ स्टडी’चा अंदाज सुमारे १ लाख ८७ हजारांचा होता. तरीही दुप्पट झालेला वाटा ही दुर्लक्ष करण्याजोगी गोष्ट नाही. निष्कर्ष काढण्याची घाई नको, आणि आकडा विसरून जाण्याचीही नको, एवढेच त्याचे म्हणणे असते.

यातून मार्ग आहे का? युरोपातील २६ देशांच्या १९७० ते २००७ या काळातील आकडेवारीवर डेव्हिड स्टकलर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. बेरोजगारी एका अंकाने वाढली की ६५ वर्षांखालील व्यक्तींच्या आत्महत्या ०.७९ टक्क्यांनी वाढत होत्या. पण जे देश बेरोजगारांना पुन्हा कामावर आणण्यासाठी, प्रशिक्षणासाठी अधिक खर्च करीत होते, तिथे हा संबंध क्षीण होत गेला. स्वीडनमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेरोजगारी झपाट्याने वाढूनही आत्महत्या वाढल्या नाहीत. तेव्हा मंदी आणि मृत्यू यांच्यात निसर्गनियमाची साखळी नाही. मधल्या कड्या माणसांनी बांधलेल्या असतात आणि माणसांना त्या सोडवता येतात.

भारताने या बाबतीत एक मोठा धडा स्वतःच घालून दिला आहे. १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ऐन उन्हाळ्यात ५० लाखांच्या आसपास गेली होती, आणि इतके पीक बुडूनही पूर्वीच्या दुष्काळांसारखा मृत्यूंचा कहर झाला नाही. त्यातूनच राज्याचा रोजगार हमी कायदा आला आणि पुढे २००५ मध्ये देशाचा. त्या २००५ च्या कायद्यात एक छोटी तरतूद करण्यात आली: कामावर येणाऱ्या बायकांबरोबर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांतील एका बाईला मुले सांभाळण्यासाठी नेमावे आणि तिला पूर्ण मजुरी द्यावी. बाभळीला झोळी बांधणाऱ्या आईची दखल तेव्हा कायद्याने घेतली होती.

काही वर्षांपूर्वी अभ्यासक बनासकांठ्यातील अशाच एका तलावाच्या कामावर गेला होता. मे महिना होता. मातीच्या ढिगाच्या सावलीत सात मुले बसली होती. सर्वांत मोठी मुलगी असेल नऊ वर्षांची, तिच्या मांडीवर एक तान्हे होते. त्याने मुकादमाकडून हजेरीपट मागून घेतला. बायकांची नावे होती, पुरुषांची होती, पाणी पाजणाऱ्याचे होते. मुले सांभाळणाऱ्या बाईचे नाव कुठे आहे, असे त्याने विचारले.

मुकादम म्हणाला, “साहेब, मुलं तर ती मोठी मुलगीच बघते ना.”

अभ्यासकाने आपल्या वहीत त्या कामाचे नाव, तारीख आणि मुलांची संख्या लिहून घेतली. मग मुकादमाला कायद्यातील ते कलम वाचून दाखवले, आणि सरपंचांच्या नावे अर्ज लिहून त्यावर तिथल्या अकरा बायकांचे अंगठे घेतले. परतताना त्याने त्या मुलीला तिचे नाव आणि इयत्ता विचारली. नाव तिने सांगितले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिने दिले नाही. मांडीवरचे बाळ रडू लागले होते.